सोलापूरची बिनसाखरी न्याहारी

धान्य आधींच भाजून, फुलवून किंवा चेपून ठेवावें आणि सकाळीं चूल न पेटवितां तें दुधांत अथवा ताकांत कालवून खावें, ही युक्ति अमेरिकेंतील कारखानदारांनीं शोधून काढली असा समज सुशिक्षित घरांतून बराच रूढ आहे. खोक्यावर परदेशी नांव दिसलें कीं वस्तुहि परदेशांत जन्मली असें मानण्याची संवयच लागून गेली आहे. वास्तविक ही युक्ति फार जुनी. आणि सोलापूरच्या माणसाला तर ती शिकविण्याचें कांहींच कारण नव्हतें. साखरेवांचून न्याहारी करणें हें ज्यांना आज डॉक्टरांच्या आज्ञेवरून नव्यानें शिकावें लागत आहे, त्यांच्याच आजोबा-पणजोबांची न्याहारी सबंध आयुष्यभर साखरेवांचून होत असे. ती सुटली कशी, तिच्या जागीं काय आलें, आणि आज ती घरच्या घरीं पुन्हा करावयाची झाल्यास जुन्यांतील काय घ्यावें व काय सोडावें, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आरंभ बराच मागें जाऊन करावा लागतो. ऋग्वेदांत भाजलेल्या जवांना 'धाना' म्हटलें आहे, आणि सातूचें पीठ दह्यांत कालवून केलेल्या पदार्थाला 'करंभ'. हा करंभ पूषन् देवाचा आवडता नैवेद्य. पूषन् हा दांत नसलेला देव आहे असें ब्राह्मणग्रंथ सांगतात. म्हणजे चावावें न लागणारें, आधींच तयार असलेलें धान्य कोणाच्या सोयीचें, हें त्या काळींहि लोकांना ठाऊक होतें म्हणावयाचें! विवाहांतील लाजाहोम तर आजहि चालू आहे. 'लाजा' म्हणजे लाह्या. अग्नीवर फुललेलें धान्य हें मंगल मानलें गेलें आणि आजाऱ्याच्या पथ्याचेंहि मानलें गेलें. लाह्यांची पेज हलकी म्हणून वैद्य ती शेंकडों वर्षें देत आले आहेत.

मधुमेहाचा विचारहि येथें तितकाच जुना आहे. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना बैठें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा एकत्र उल्लेख येतो. सुश्रुतसंहितेंत व्यायामावर, पायीं चालण्यावर मोठा भर आहे. चरकानें या रोग्याला मुख्य अन्न म्हणून जव सांगितला आहे. जवाचें सातू, जवाचे मांडे, त्रिफळ्याच्या काढ्यांत रात्रभर भिजविलेले जव, असे प्रकार त्यांत आहेत. त्यांतील कांहीं मधाबरोबर घ्यावयाचे आहेत, आणि आजच्या ज्ञानाप्रमाणें मध ही साखरच होय. तेवढा भाग आतां सोडून द्यावा लागतो. तथापि सडलेला तांदूळ व गूळ दूर ठेवून कोंड्यासकट भरड धान्याकडे वळावें, ही त्या सल्ल्याची दिशा चुकीची ठरलेली नाहीं.

जव हें सोलापूरचें धान्य नव्हे. येथलें धान्य जोंधळा. हा मूळचा आफ्रिकेंतील. परंतु भीमा-सीनेच्या काळ्या रानांत तो असा रुजला कीं, त्याला परका म्हणणें हास्यास्पद होईल. सोलापुरास वर्षाकाठीं सरासरी वीस ते पंचवीस इंच पाऊस पडतो, आणि तोहि लहरी. मृगाचा भरंवसा नाहीं. खरी आशा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांची. तो पाऊस काळी जमीन पोटांत धरून ठेवते आणि त्या ओलीवर, पुढें एक थेंबहि न पडतां, रब्बीचा जोंधळा थंडीच्या दंवांत वाढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरांत पेरावा, फेब्रुवारी-मार्चांत काढावा. मंगळवेढ्याच्या शिवाराला जोंधळ्याचें कोठार हें नांव यामुळेंच पडलें, आणि २०१६ मध्यें 'मंगळवेढा ज्वारी' या नांवाला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

हा जोंधळा साठवीत तो पेवांत. कठीण मुरमांत विहिरीसारखा खड्डा खणावयाचा, आंतून कडब्याचा व भुसाचा थर द्यावयाचा, धान्य ओतून तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. नीट घातलेल्या पेवांतील जोंधळा वर्षानुवर्षें टिके. पेव उघडल्यावर एकदम आंत उतरावयाचें नाहीं हा नियम लहान मुलालाहि ठाऊक असे. आंत कोंडलेली विषारी हवा माणसाचा जीव घेई, म्हणून आधीं दिवा सोडून पाहात. 'पेव फुटणें' हा वाक्प्रचार बोलीत आला तो याच खड्ड्यांतून. पंधराव्या शतकांत मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाचे अधिकारी असलेले दामाजीपंत यांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांना लुटूं दिलीं आणि त्या धान्याची भरपाई विठोबानें महाराच्या रूपानें जाऊन केली, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. चमत्काराचा भाग भाविकांकडे ठेवला तरी एवढें खरें कीं, या मुलुखांत माणसाचा जीव आणि जोंधळ्याचा सांठा हीं एकमेकांस बांधलेलीं होतीं.

सकाळच्या वेळीं हा जोंधळा कोणकोणत्या रूपानें पानांत येई? सर्वांत साधी म्हणजे रात्रीची शिळी भाकरी, ताकांत किंवा दह्यांत कुसकरून, वर मीठ आणि चटणी. दुसरें रूप कण्यांचें. जोंधळा जात्यावर भरडून, पाखडून, शिजवून त्याच्या कण्या ताकांत घालून खात. गरिबाचें अन्न म्हणून कण्यांना नाक मुरडणारे पुष्कळ होते, परंतु परदेशांत ज्या भरड ओटाच्या पेजेची एवढी वाखाणणी होते तिच्यांत आणि कण्यांत जातीचा फरक फारसा नाहीं. तिसरी आंबील, म्हणजे ताकांत आंबविलेल्या पिठाची पातळ पेज. चवथ्या घुगऱ्या, म्हणजे सबंध दाणे शिजवून. पांचवें रूप कडक भाकरीचें. पापडासारखी पातळ लाटून, खरपूस वाळवून ठेवलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. प्रवासाला, यात्रेला, बाजाराला निघालेल्या माणसाची ती शिदोरी. उत्तर कर्नाटकांतहि ती घरोघर आढळते, आणि सोलापुरांत मराठी, कानडी व तेलुगु भाषा एकाच गल्लींत नांदत असल्यामुळें ती मूळची कोणाची असा प्रश्न कोणी काढीत नाहीं. हें बरेंच आहे.

आणि सहावें रूप लाह्यांचें. नागपंचमीला जोंधळ्याच्या लाह्या ज्या घरांत नाहींत तें घर या भागांत विरळा. कानडी बोलणारे त्याच लाह्यांना 'अरळु' म्हणतात, आणि त्या भाषेंत फुलण्यालाहि तोच शब्द आहे. नांव ठेवणाऱ्यानें लाही उमलतांना नीट पाहिली असली पाहिजे. दाण्याच्या आंत थोडी ओल असते; कढई कडकडीत तापली कीं त्या ओलीची वाफ होते, कठीण टरफल तिला क्षणभर कोंडून धरतें, मग तें फुटतें आणि आंतला पिठूळ गर फुलून बाहेर येतो. हें शास्त्र पुस्तकांत न वाचतांहि भडभुंज्याला ठाऊक होतें. दाणा फार कोरडा असेल तर तो फुटत नाहीं, फार ओला असेल तर नुसता भाजतो, हें त्याला हाताला कळे.

अमेरिकेंत हेंच काम १९०१ च्या सुमारास अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञानें बंद नळ्यांत केलें आणि १९०४ च्या सेंट लुईस येथील प्रदर्शनांत तोफांसारख्या नळ्यांतून तांदूळ उडवून लोकांना थक्क करून सोडलें. त्याआधीं १८६३ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील डॉ. जेम्स जॅक्सन यानें कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे दोनदां भाजलेले खडे तयार केले होते. ते इतके टणक कीं रात्रभर दुधांत भिजविल्यावांचून दांताला दाद देत नसत. पुढें मिशिगनमधील बॅटल क्रीक येथें डॉ. जॉन हार्वे केलॉग याच्या आरोग्यधामांत १८९४ मध्यें गव्हाचे चेपलेले पापुद्रे निघाले, १८९६ मध्यें त्यांचें पेटंट झालें. युरोपांत झुरिच येथील डॉ. बिर्चर-बेन्नर यानें १९०० च्या सुमारास भिजविलेले ओट, किसलेलें सफरचंद व कवचाचीं फळें एकत्र करून रोग्यांना देण्यास सुरुवात केली. हे तिघेहि वैद्य होते ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तयार न्याहारी जन्मली ती दुकानांत नव्हे, रुग्णालयांत. आणि जन्मतःच ती गोड नव्हती.

ती गोड कशी झाली याची कथा दोन भावांच्या भांडणाची आहे. डॉ. केलॉग याचा धाकटा भाऊ विल कीथ हा आरोग्यधामाचा हिशेब पाहात असे. मक्याच्या पापुद्र्यांत साखर घातली तर तीं सर्वसामान्य लोकांत खपतील असें त्याचें मत. साखर ही आरोग्याची वैरीण हें डॉक्टराचें मत. १९०६ मध्यें धाकट्यानें स्वतंत्र कंपनी काढली. पुढें नांवाच्या हक्कावरून दोघे भाऊ कोर्टांत गेले. धंद्यांत धाकटा जिंकला. १९३९ मध्यें अमेरिकेंत आधींच साखरेचा लेप दिलेलें धान्य बाजारांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांसाठीं काढलेल्या कांहीं प्रकारांत निम्म्याहून अधिक वजन साखरेचेंच असे. रोग्याचें पथ्य म्हणून निघालेली वस्तु शेवटीं रोगाचें निमित्त बनली. धाकट्या भावाला व्यवहार कळत होता यांत शंका नाहीं; पण थोरल्याचा हट्ट अगदींच वेडा नव्हता.

सोलापुरांत साखर आली ती वेगळ्या वाटेनें. १८७७ मध्यें येथें पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेली जुनी मिल, सुरू झाली. त्याच वेळीं जिल्हा १८७६–७७ च्या भयंकर दुष्काळांत होरपळत होता. सर रिचर्ड टेंपल यांनीं मदतीच्या कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या किंमतीवर व वर अर्ध्या आण्यावर आणून ठेवली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. हा उल्लेख येथें मुद्दाम केला आहे. पूर्वींचे लोक मोजकें खात व निरोगी असत, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्यांना मोजकें खावें लागलें त्यांतले किती जगले हेंहि त्यांनीं सांगावें. उपासमार हें पथ्य नव्हे.

खेड्यांतून गिरणीकडे आलेल्या माणसाची सकाळ बदलली. भोंग्याच्या वेळेला कण्या शिजवीत बसणें परवडेना. शिदोरीची भाकरी व चटणी टिकून राहिली, परंतु तिच्या आधीं चहा आला. १९०३ मध्यें सरकारनें कायदा करून चहावर कर बसविला आणि त्याच्या उत्पन्नांतून चहाच्या प्रसाराची मोहीम निघाली. पुढें स्टेशनें, बाजार व गिरण्यांचीं दारें येथें चहाचीं दुकानें झालीं. चहा कडू, म्हणून साखर. ज्या घरांत साखर सणालासुद्धां जपून वापरीत, त्या घरांत ती दिवसांतून दोनदां, तीनदां कपांतून जाऊं लागली, आणि ती अन्न आहे असें कोणाला वाटेचना.

मग साखर पिकूंहि लागली. १९३२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याच वर्षीं सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन अकलूजजवळ माळीनगर येथें आपला कारखाना उभा केला. कर्तबगारीची ही गोष्ट आहे व तिचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. योगायोग असा कीं, १९३३ मध्यें सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्रहि सुरू झालें, आणि त्याच दशकांत मोहोळच्या केंद्रांत स्थानिक मालदांडी जोंधळ्यांतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढण्यांत आला. तो आजहि रब्बीच्या शेतांत उभा दिसतो. एका जिल्ह्याच्या भविष्याचीं दोन दारें एकाच वेळीं उघडलीं: एक उसाचें, दुसरें जोंधळ्याचें. १९८० मध्यें भीमेवरील उजनी धरण पुरें झालें आणि पहिलें दार सताड उघडलें. आज राज्यांत सर्वांत अधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यांत आहेत. ज्या शेतकऱ्याला उसाचे पैसे हमखास मिळतात त्यानें जोंधळाच पेरावा असा उपदेश शहरांत बसून करणें सोपें आहे. कालव्याच्या कांठावर बसून तो करून पाहावा.

मधल्या काळांत आणखी एक घाव बसला. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेला तांबडा मिलो जोंधळा लोकांना रेशनवर घ्यावा लागला, आणि दुष्काळी कामांवरील मजुरांना सुकडी वांटण्यांत आली. सुकडी म्हणजे आधीं भाजून तयार केलेलें, गूळ-साखर घातलेलें पीठ. तिनें असंख्य मुलें जगविलीं. सरकारनें हातावर ठेवलेली तयार न्याहारी असेंच तिचें वर्णन करतां येईल, आणि ती गोड होती. भुकेल्या माणसाला गोड देणें योग्यच होतें. पण दुष्काळ सरला, गहूं-तांदूळ रेशनच्या दुकानांत स्वस्त मिळूं लागला, आणि मिलोच्या आठवणीनें जोंधळ्याचेंहि नांव कांहीं घरांतून उतरलें. भाकरी हें गरिबीचें चिन्ह झालें, पोळी हें सुस्थितीचें. १९९४ मध्यें मक्याच्या पापुद्र्यांचीं अमेरिकन खोकीं हिंदुस्थानांत आलीं तेव्हां लोकांनीं त्यांवर संवयीप्रमाणें गरम दूध ओतलें, त्यांचा लगदा झाला, आणि वरून साखर घातली ती वेगळीच.

याचा हिशेब आतां पुढें येत आहे. हिंदी वैद्यक संशोधन परिषदेनें केलेल्या आणि २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. इन्सुलिनचा शोध टोरोंटो येथें १९२१ मध्यें लागून १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम रोग्याला देण्यांत आलें. त्याआधीं न्यूयॉर्कचे डॉ. ॲलन यांच्यासारखे वैद्य रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचें आयुष्य थोडें लांबवीत. दुसरा उपायच त्यांच्या हातीं नव्हता. आज औषधें आहेत, म्हणून खाण्याकडे पाहावयाचें कारण नाहीं असें मात्र कोणताहि शहाणा डॉक्टर म्हणणार नाहीं.

येथें जोंधळ्याच्या भक्तांनाहि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें आणि तेव्हांपासून जोंधळा खाल्ला म्हणजे मधुमेह पळतो अशी भाषा ऐकूं येते. ती खरी नव्हे. शंभर ग्रॅम जोंधळ्यांत सुमारें ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, ज्यांना आतां कर्बोदकें म्हणतात. तांदळापेक्षां कमी, पण थोडे खचितच नव्हेत. त्याचें महत्त्व त्याच्या चोथ्यांत आहे. तो शंभरांत सुमारें दहा ग्रॅम असतो. दळण जितकें भरड तितकी पिष्टाची रक्तांत साखर होण्याची क्रिया मंद. या दृष्टीनें कण्या पिठापेक्षां बऱ्या. शिजवून गार झालेल्या धान्यांतील पिष्टाचा कांहीं भाग पचनाला कठीण होतो, म्हणून शिळ्या भाकरीला हंसण्याचें कारण नाहीं. लाह्यांची गोष्ट उलट आहे: फुललेला गर लवकर पचतो, आणि नुसत्या लाह्या वाडगाभर खाल्ल्यास रक्तांतील साखर झपाट्यानें वर जाऊं शकते. 'हलक्या' म्हणून ज्या लाह्या ज्वराच्या रोग्याला योग्य, त्याच कारणानें त्या मधुमेह्याला जपून दिल्या पाहिजेत. वजनाला मात्र त्या खरोखरच हलक्या; पंधरा ग्रॅमांत वाडगा भरल्यासारखा दिसतो, आणि मनाला तेवढें समाधान पुरतें.

मग पोट भरावें कशानें? याचें उत्तर सोलापूरच्या चटणीच्या डब्यांत आहे. शेंगदाणे, जवस, कारळे, तीळ. शेंगदाणा हा दक्षिण अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या काळीं आलेला, मिरचीहि तिकडचीच; म्हणजे सोलापूरची म्हणून प्रसिद्ध असलेली शेंगाचटणी फार प्राचीन नाहीं. पण उखळांत तेल सुटेपर्यंत लसूण-तिखटाबरोबर कुटलेली ती चटणी भाकरीला जोडली गेली आणि जोंधळ्याची उणीव भरून निघाली. शेंगदाण्यांत प्रथिनें सुमारें २४ टक्के, स्निग्धांश ४०, आणि पिष्टमय भाग सुमारें १७. जवसांत पिष्टमय भाग ११ च्या आसपास आणि चोथा तब्बल २६. चटणी ही तोंडीं लावण्याची वस्तु म्हणून डाव्या बाजूला वाढीत आले. कमी पिष्टाची न्याहारी करावयाची म्हणजे एवढेंच करावयाचें कीं, डावीकडची वस्तु मुख्य करावयाची आणि धान्य तोंडीं लावावयाचें.

घरच्या घरीं ती अशी होते. लाह्यांसाठीं बारीक, कठीण, चकचकीत दाण्याचा जोंधळा पाहून घ्यावा. भाकरीचा टपोरा दाणा सगळाच फुलत नाहीं. तो गरम पाण्यांतून काढून, निथळून, रात्रभर कापडांत बांधून ठेवावा आणि सकाळीं सावलींत तासभर पसरावा. जाड बुडाची लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळीं मूठभरच दाणे टाकावे व कापडाच्या बोळ्यानें सारखे हलवावे. वर झांकण अर्धवट धरावें, नाहीं तर लाह्या घरभर होतात. ज्या गांवांत भडभुंजा अजून भट्टी पेटवितो तेथें हें काम त्याच्याकडे द्यावें. हैदराबादच्या भरडधान्य संशोधन संस्थेनें जोंधळ्याचे चेपलेले पोहे तयार करण्याची रीत बसविली आहे आणि रब्बी जोंधळ्यासाठीं तिचें केंद्र सोलापुरांतच आहे. असे पोहे मिळाल्यास तेहि चालतात, मात्र वेष्टनावर साखर, गूळ, मध किंवा माल्ट यांपैकीं कांहीं लिहिलें आहे काय तें आधीं वाचावें. गूळ घातला म्हणजे पदार्थ बिनसाखरी होतो ही समजूत तर मुळींच धरूं नये. गूळ ही न धुतलेली साखर आहे. खजुराचेंहि तेंच.

शेंगदाणे मंद आंचेवर भाजून, सालें पाखडून, अर्धबोबडे कुटावे. जवस व तीळ वेगवेगळे भाजावे, कारण दोघांना लागणारी आंच सारखी नाहीं; जवस तडतडूं लागले कीं उतरावेत. सबंध जवस न पचतां तसेच बाहेर पडतात, म्हणून ते भरडलेच पाहिजेत. पण भरडलेले जवस लवकर खवट होतात, म्हणून आठवड्यापुरतेच भरडावे. एका माणसाच्या वाडग्याला लाह्या १५ ग्रॅम, शेंगदाणे २०, जवस १०, तीळ व कारळे प्रत्येकीं ५. वर जिरें भाजून कुटलेलें आणि मीठ. यांत पिष्टमय पदार्थ सुमारें १६ ग्रॅम भरतात. साठ ग्रॅम तांदळाच्या पोह्यांत ते ४५ च्या वर असतात. हें मिश्रण ताकांत किंवा बिनसाखरेच्या दह्यांत कालवावें. दुधांतहि स्वतःची साखर असते, शंभर ग्रॅमांत जवळजवळ पांच ग्रॅम, तिचा हिशेब धरावा. गरम कांहींच ओतूं नये. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी चालू आहे त्यांनीं ही न्याहारी डॉक्टरांना विचारून मगच सुरू करावी. औषध तेवढेंच राहून पिष्ट एकाएकीं कमी झालें तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाते, घाम सुटतो, भोंवळ येते, आणि अशा वेळीं साखरच तोंडांत घालावी लागते.

लाह्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. पावसाळ्यांत त्या चिवट झाल्यास कोरड्या कढईवर क्षणभर परताव्या. तळाशीं न फुटलेले दाणे राहतात, त्यांना गणंग म्हणतात. ते फेंकीत नाहींत. चांगले भाजलेले असल्यानें गणंग आणि उरलेल्या लाह्या जात्यावर एकत्र भरडून लाह्यांचें पीठ करतात, आणि संध्याकाळीं चूल पेटवावीशी वाटली नाहीं तर थोडें पीठ, ताक, मीठ आणि हिरवी मिरची एवढ्यावर एका माणसाचें काम भागतें.